परत येणाऱ्यांची टोळी

ए दोस्त, जरा स्वयंपाकघरात चल. आवाज करू नकोस. ओट्याखाली वाकून बघ. कोण बसलंय तिथे?

लाल रंगाचा, पोट सुटलेला, आखूड मानेचा... बरोब्बर! गॅसचा सिलिंडर! (तुमच्याकडे पाइपमधून गॅस येत असेल, तर हा खेळ आजीकडे गेल्यावर खेळ.)

घरातलं एखादं मोठं माणूस बरोबर घे. कशालाही हात लावू नकोस, नुसतं डोळ्यांनी शोध. सिलिंडरच्या डोक्यावर एक गोल कडं असतं. ते कडं पट्ट्यांवर उभं असतं. एखाद्या पट्टीच्या आतल्या बाजूला रंगाने काहीतरी लिहिलेलं दिसेल. एक इंग्रजी अक्षर आणि पुढे दोन आकडे. 'बी २८' किंवा 'डी २७' असं काहीतरी. सापडलं?

ओळख बघू, हे काय असेल! सिलिंडरची तुकडी? हजेरीचा नंबर?

अंहं! ही त्याच्या परीक्षेची तारीख आहे!

खरंच! सिलिंडरलाही परीक्षा असते. वर्षाचे चार तुकडे करायचे. जानेवारी ते मार्च म्हणजे ए. एप्रिल ते जून म्हणजे बी. जुलै ते सप्टेंबर सी. उरलेले तीन महिने डी. म्हणजे 'बी २८' असेल, तर २०२८ सालच्या एप्रिल ते जूनमध्ये या पठ्ठ्याची तपासणी. तेव्हा त्याच्या पोटात पाणी भरतात आणि जोराचा दाब देतात. कुठे फुगतोय का? कुठे गळतोय का? पास झाला की नवा रंग, नवं अक्षर, आणि स्वारी पुन्हा कामावर हजर! नापास झाला की भंगारात. तिथे फेरपरीक्षा नाही बरं का!

पण त्याच्यामागे एवढी परीक्षा कशासाठी? कारण हा एका घरात राहणारा प्राणीच नाही. आज तो तुमच्या ओट्याखाली आहे. मागच्या महिन्यात तो कदाचित पलीकडच्या गल्लीतल्या एखाद्या आजोबांचा चहा उकळत होता. पुढच्या महिन्यात तुझ्या शाळेतल्या बाईंच्या घरी पोळ्या भाजत असेल. कुणास ठाऊक!

आणि ऐक, त्याहून मोठी गंमत. हा सिलिंडर तुमचा नाहीच! तो गॅस कंपनीचा आहे. घरच्यांनी त्याच्यासाठी अनामत रक्कम भरलेली असते. वाचनालयात नाव घालताना भरतो ना, अगदी तशी. गॅसची जोडणी परत केली की ती रक्कमही परत मिळते. तुम्ही विकत घेता तो फक्त आतला गॅस.

आता वजन बघ. भरलेल्या सिलिंडरमध्ये गॅस असतो १४.२ किलो. आणि रिकाम्या सिलिंडरचं वजन? साधारण पंधरा किलो! म्हणजे आतल्या मालापेक्षा बाहेरचं भांडंच जड! शेंगदाण्यांपेक्षा पुडीच जड झाली की!

समज, तुमच्या घरी वर्षाला आठ सिलिंडर लागतात. आणि समज, प्रत्येक रिकामा सिलिंडर आपण चिप्सच्या पाकिटासारखा फेकून दिला. दहा वर्षांत ऐंशी सिलिंडर. ऐंशी गुणिले पंधरा... कर बघू तोंडी. बाराशे किलो लोखंड! छोट्या मोटारीपेक्षा जास्त! तेवढा ढीग तुमच्या एकट्या घराचा. आणि तो ठेवणार कुठे?

ढीग का होत नाही? कारण तो रिकामा झाला की परत जातो, आणि भरून परत येतो. बस्स. एवढीच युक्ती.

मला तर वाटतं, आपल्या आजूबाजूला अशा परत येणाऱ्यांची एक गुप्त टोळीच आहे. सिलिंडर त्यांचा म्होरक्या. बाकीचे गडी कोण कोण आहेत? चल, शोधूया.

पहिला गडी मला पिठाच्या गिरणीत सापडला.

मी लहान असताना दळण आणायचं काम माझं होतं. अॅल्युमिनियमचा कडीचा डबा. त्यात गहू. वर कागदाची चिठ्ठी, 'पाच किलो, पोळीचं'. गिरणीत डब्यांची ही मोठी रांग असायची! माणसं गप्पा मारत बाजूला आणि डबे मात्र शिस्तीत रांगेत. प्रार्थनेच्या वेळी आपली असते त्याच्यापेक्षा चांगली रांग. गिरणीवाले काका भुवयांपासून चपलांपर्यंत पांढरेफटक. गहू वरून ओतायचे, घर्र्र्र आवाज, आणि खालच्या कापडी नळीतून पीठ माझ्याच डब्यात! घरी नेताना डबा पोटाशी धरला की गरम गरम लागायचा. थंडीत तर मजाच.

डबा गरम का व्हायचा? दोन्ही तळहात एकमेकांवर जोरात घास बघू. घास, आणखी घास! झाले ना गरम? गिरणीतली दगडी चाकं गव्हाला अशीच घासतात. त्या घासण्याची ऊब पिठात उतरते.

पण मुद्दा डब्याचा. तो गहू घेऊन गेला आणि पीठ घेऊन आला. पिशवी नाही, पाकीट नाही, कचरापेटीत टाकायला काही म्हणजे काही नाही! हल्ली शहरांत नवी नवी दुकानं निघालीत. 'तुमची बरणी आणा, हवं तेवढं भरून न्या' अशी पाटी लावतात. लोक कौतुकाने फोटो काढतात. मला हसू येतं. गिरणीवाले काका वर्षानुवर्षं हेच करताहेत. त्यांचा फोटो कुणी काढत नाही!

दुसरा गडी तर जगभर गाजलाय. मुंबईचा जेवणाचा डबा!

मुंबईत डबेवाल्यांचं काम १८९० च्या सुमाराला सुरू झालं. सकाळी घरून डबा उचलायचा. सायकलवर, मग लोकलमध्ये, मग हातगाडीवर. जेवणाच्या सुट्टीआधी तो बरोबर आपल्या माणसाच्या टेबलावर! झाकणावर रंगाने काढलेली अक्षरं आणि आकडे असतात. तोच त्याचा पत्ता. करोनाच्या साथीआधी रोज जवळजवळ दोन लाख डबे असे प्रवास करायचे.

सगळे विचारतात, "डबा चुकत कसा नाही?" मी म्हणते, त्याहून भारी गोष्ट दुपारी घडते. तो डबा परत येतो! ज्या रस्त्याने गेला त्याच रस्त्याने, त्याच दिवशी, त्याच घरी. आता हॉटेलातून मागवलेलं जेवण आठव. प्लॅस्टिकचा डबा, आमटीची वाटी, चटणीची इवलीशी डबी, चमचा, वर पिशवी. जेवण संपतं वीस मिनिटांत. ते सामान मात्र बसून राहतं... तू आजोबा किंवा आजी झाल्यावरही!

तिसरा गडी सगळ्यात खट्याळ आहे. गोटी सोडा!

जत्रेत पाहिलायस ना? जाड काचेची हिरवट बाटली. मानेला चिमटा काढल्यासारखी. आत एक काचेची गोटी. सोडावाला अंगठ्याने गोटी दाबतो, ठॉक्क! आणि फस्स्स्!

ही बाटली शोधली इंग्लंडमधल्या हायरम कॉड यांनी. तिचं पेटंट त्यांनी घेतलं १८७२ मध्ये. म्हणजे ही बाटली दीडशे वर्षांहून म्हातारी आहे! तिला बूच नाही, टोपण नाही. मग ती बंद कशी राहते?

बाटली भरताना उलटी धरतात. गोटी घरंगळत मानेत येते. तिथे रबराचं कडं असतं. सोड्यातला गॅस बाहेर पडायला धडपडतो आणि गोटीलाच ढकलतो. गोटी रबरावर जाऊन बसते घट्ट! गॅस जितका जोर लावेल तितकं दार आणखी पक्कं. आपलं दार आपणच लावून घेतलं की त्याने!

पटत नाही? वर्गाचं दार आत उघडणारं आहे असं समज. सुट्टीची घंटा झाली. सगळी मुलं एकदम दारावर रेटली. उघडेल दार? छे! जेवढी जास्त मुलं रेटतील तेवढं ते घट्ट बसेल. गॅसचं असंच होतं.

आणि तो चिमटा कशाला? पिताना बाटली तिरकी केली की गोटी तोंडाशी यायला बघते. मानेतल्या खळग्यात ती अडकून बसते. नाहीतर घोट कसला मिळतोय!

तर, तू सोडा पितोस किंवा पितेस. ढेकर देतोस किंवा देतेस. बाटलीचं काय होतं? ती गाडीवरच राहते! धुतली जाते, पुन्हा भरली जाते, पुन्हा ठॉक्क! गोटी आतच, म्हणजे टोपण हरवायची भानगडच नाही.

माझ्या आईच्या लहानपणी मुंबईत सरकारी दूधही असंच यायचं. आरेच्या दुधाच्या काचेच्या बाटल्या. वर चमचमत्या पत्र्याचं पातळ झाकण. सकाळी रिकामी बाटली द्यायची, भरलेली घ्यायची. रिकामी न्यायला विसरलं की पंचाईत!

इथे एक गोष्ट तुला हळूच सांगते. मोठी माणसंही इथे गोंधळतात. काचेची बाटली धुऊन पुन्हा भरणं वेगळं. आणि फोडून, वितळवून तिची नवी बाटली करणं वेगळं! दोन्ही चांगलं. पण सारखं नाही. धुवायला गरम पाणी आणि साबण पुरतो. वितळवायला भट्टी लागते, साधारण १५०० अंश तापमानाची! इडलीच्या कुकरमधली वाफ असते शंभर अंशांची. तिचाच चटका किती लागतो! शर्ट मळला तर आई धुते. तो उसवून, त्याचं सूत काढून, नवं कापड विणत बसत नाही. मग बाटलीच्या बाबतीत एवढी घाई कशाला?

बरं, आता जेवणाच्या ताटातला गडी बघ. स्टीलची वाटी शेकडो वेळा घासलीय. तरी ती गंजत नाही. लोखंडी खिळा मात्र एका पावसाळ्यात तांबडा होतो. असं का? स्टीलमध्येही मुख्य धातू लोखंडच असतं की!

गुपित आहे क्रोमियममध्ये. हा धातू लोखंडात मिसळलेला असतो. हवा लागली की त्याचा एक पातळ पापुद्रा तयार होतो. किती पातळ? तुझ्या एका केसाच्या जाडीचे दहा हजार भाग कर. त्यातल्या एका भागापेक्षाही पातळ! तो पापुद्रा म्हणजे वाटीचा रेनकोट.

आणि बघ हं, ही तर जादूच! घासताना वाटीवर ओरखडा पडला, तर रेनकोट फाटतो. फाटल्या जागी पुन्हा हवा लागते. आणि नवा पापुद्रा लगेच तयार! तुझ्या गुडघ्याला खरचटल्यावर खपली धरते ना, तशीच वाटी स्वतःची जखम स्वतः भरून काढते. कुणी शिवायला नको, रंगवायला नको. १९१३ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्ड गावी हॅरी ब्रिअर्ली यांनी असं पोलाद बनवलं. ते वाटी-चमच्यांसाठी नव्हे, बंदुकीच्या नळीसाठी चांगला धातू शोधत होते. निघालं काय? आपल्या वरणाची वाटी!

प्लॅस्टिकच्या डब्याला ही जादू येत नाही. एकदा त्यात भाजी ठेवली की तो पिवळा तो पिवळाच. हळदीचा रंग तेलात छान विरघळतो, आणि तेलाबरोबर प्लॅस्टिकच्या अंगात शिरतो. काच आणि स्टील त्याला आत घेतच नाहीत. म्हणून तर लोणच्याला बरणी! पण थांब, पिवळा डबा टाकू नकोस. एक प्रयोग कर. घासून स्वच्छ कर आणि दिवसभर कडक उन्हात ठेव. संध्याकाळी बघ. पिवळेपणा कमी झालेला दिसेल! हळदीच्या रंगाला ऊन सोसत नाही.

(आणि हे मात्र पक्कं लक्षात ठेव. औषधाची, फिनेलची, शेतात फवारायच्या औषधाची बाटली किंवा डबा कितीही सुंदर दिसला तरी खाण्यापिण्यासाठी कध्धीच नाही. त्यांना आपल्या टोळीत प्रवेश नाही!)

आता तुला वाटेल, वा, पुन्हा वापरायच्या वस्तू भरपूर आणूया! कापडी पिशव्या दहा, स्टीलच्या बाटल्या पाच!

थांब थांब! इथेच मी फसले होते.

माझ्या घरी एक वेळ अशी होती की दाराच्या खुंटीवर चौदा कापडी पिशव्या लटकत होत्या. लग्नात मिळालेल्या, प्रदर्शनातून आणलेल्या, कुठल्या कुठल्या. आणि मी बाजारात जाताना? पिशवी विसरायचे, आणि पंधरावी आणायचे! स्वतःला पर्यावरणाची मैत्रीणही म्हणवायचे, वर!

मग मी एक आकडा वाचला. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने २०११ मध्ये पिशव्यांचा हिशोब छापला होता. कापूस पिकवायला पाणी, खत, वीज, इंधन लागतं. त्यातून हवा तापवणारे वायू निघतात. पातळ प्लॅस्टिकची पिशवी एकदा वापरून टाकली, तर तिच्या वाट्याला असे वायू थोडेच येतात. तिची बरोबरी करायला एक कापडी पिशवी किती वेळा वापरायला हवी? ओळख!

पाच वेळा? वीस वेळा?

एकशे एकतीस वेळा!

आठवड्यातून दोनदा बाजार धरला, तरी सव्वा वर्ष! तीच पिशवी, न हरवता! अर्थात हा हिशोब फक्त हवा तापवणाऱ्या वायूंचा. गटार तुंबवणारी, गाईच्या पोटात जाणारी प्लॅस्टिकची पिशवी यात मोजलेलीच नाही. पण माझे डोळे उघडले. खुंटीवर लटकणारी पिशवी काही वाचवत नाही. वाचवते ती बाजारात जाणारी, मेथीच्या चिखलाने मळलेली, एक बंद तुटलेली पिशवी. तेव्हापासून मी दोनच ठेवल्यात. एकीवर पेनने रेघा मारते, प्रत्येक फेरीला एक. कालच्याला शहाऐंशी झाल्या!

आणि कापडाचा विषय निघालाय, तर आजीच्या गोधडीला कशी विसरू?

आधी एक कोडं. नऊवारी साडी किती लांब? नऊ वार. एक वार म्हणजे तीन फूट. म्हणजे सत्तावीस फूट! क्रिकेटची खेळपट्टी असते बावीस वार. अडीच साड्या एकापुढे एक अंथरल्या की गोलंदाजाच्या यष्टीपासून फलंदाजाच्या यष्टीपर्यंत खेळपट्टी झाकली! आणि ती नेसून बायका शेतात कामं करायच्या, विहिरीवरून पाणी आणायच्या. आपण एक पतंग घेऊन पळताना पडतो!

एवढं मोठं कापड विरलं म्हणून कुणी टाकेल? आमच्या आजीची साडी आधी पदराकडून विरली. मग चांगल्या भागाचं माझ्या आत्याचं परकर-पोलकं झालं. उरलेल्यातून बाळाची दुपटी. ती नरम झाल्यावर गोधडीत. गोधडी फाटली की तिचं पायपुसणं. पायपुसण्याची चिंधी. चिंधीने सायकल पुसायची. माझी सायकल पुसणारी चिंधी कधीकाळी माझ्या पणजीच्या हळदीकुंकवाला मिरवून आली होती, याचा मला पत्ताच नव्हता!

गोधडी शिवताना आजी अंगणात साडी ताणून अंथरायची. कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, तांब्या, आणि मी! हो, मलाही वजन म्हणून बसवायची. हलायचं नाही! आत जुन्या कापडांचे थर, वर दुसरी साडी. मग कडेपासून धावदोरा. आत, बाहेर, आत, बाहेर. रांगेत मुंग्या चालल्यासारखे टाके.

आता सांग, गोधडीला ऊब कुठून येते?

गोधडीला ऊब नसतेच! कपाटात घडी घालून ठेवलेल्या गोधडीत हात घालून बघ. गारच! ऊब तुझी असते. तुझं अंग सतत उष्णता बाहेर सोडत असतं. गोधडीच्या थरांमध्ये हवा अडकून बसलेली असते. आणि अडकलेली हवा उष्णतेला पटकन पलीकडे जाऊ देत नाही. जितके थर तितकी अडकलेली हवा. म्हणजे रात्रभर तुझीच ऊब तुला परत मिळत असते! बघ, टोळीत हीसुद्धा आली. परत येणारी ऊब!

खोटं वाटत असेल तर बर्फाचे दोन खडे घे. एक वाटीत उघडा ठेव. दुसरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून जाड कापडात गुंडाळ. आधी कोणता वितळेल? उघडा! कापड त्याला गरम करत नाही, बाहेरची उष्णता आत यायला उशीर लावतं. म्हणूनच बर्फवाला उन्हाळ्यात लादीवर गोणपाट टाकतो. बर्फाला स्वेटर घातल्यासारखा!

गोधडीत न मावणारे कपडे बोहारणीकडे जायचे. दुपारी गल्लीत हाक यायची. डोक्यावर पाटी, पाटीत नवी चकचकीत भांडी. आई जुन्या साड्या, बाबांच्या पँटी काढायची. मग जी घासाघीस चालायची! "दोन साड्यांत एवढंसं भगुणं? झाकण दे वर." "ताई, ही साडी उसवलीय बघा." पैसा एकही इकडचा तिकडे नाही. कपडे गेले, पातेलं आलं! ते कपडे पुढे धुऊन, शिवून जुन्या बाजारात विकले जायचे आणि कुणाच्या तरी अंगावर पुन्हा मिरवायचे.

तू विचारशील, एवढं सगळं छान होतं तर ही पाकिटं आली तरी कशाला?

चांगला प्रश्न! सगळी पाकिटं काही वेडेपणाने आली नाहीत. पूर्वी वाण्याकडे किटली नेली की सुटं तेल मिळायचं. पण १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या विषारी बियांचं तेल मिसळलेलं निघालं. कितीतरी लोक आजारी पडले, काही दगावले. मग सुटं खाद्यतेल विकण्यावर कडक बंधनं आली. मोहोरबंद पाकिटाचा तेवढा फायदा आहे, तो मान्य करायलाच हवा. पण टाचणीएवढ्या बडीशेपेला चिमूटभराची वेगळी पुडी? तिचं काय कारण, ते मला अजून सापडलेलं नाही.

बरं, आता तुझ्या अगदी आवडीची गोष्ट. खेळणी!

१९३५ साल. अमेरिकेतलं लॉस एंजेलिस शहर. तेव्हा तिथे मंदी होती. लोकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या, घरात पैसे नव्हते. शाळेजवळच्या एका दुकानात मुलं चोरी करताना सापडली. दुकानदाराने शाळेला कळवलं. आता काय होणार? छड्या? पोलीस?

मोठ्यांनी वेगळंच केलं. मुलं असं का करताहेत, ते शोधलं. आणि लक्षात आलं की त्यांच्याकडे खेळायला काही नाहीच! मग लोकांकडून खेळणी गोळा केली आणि वाचनालयासारखी वाटायला सुरुवात केली. न्या, खेळा, परत आणा, दुसरं न्या! खेळण्यांचं वाचनालय! आणि सांगू? ते आजही चालू आहे!

त्याच देशात बर्कली नावाच्या गावातल्या वाचनालयातून १९७९ पासून चक्क हातोड्या, करवती, शिड्या घरी नेता येतात. विचार कर, वाचनालयाच्या कार्डावर शिडी! आणि आपल्याकडे महाबळेश्वरजवळचं भिलार तर तुला माहीत असेल. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव झालंय. पुस्तकं लोकांच्या घरांत, ओसरीवर मांडलेली. अशा कुठल्याही घरी जा, खुर्चीत बस, वाच. स्ट्रॉबेरीच्या गावात फुकट पुस्तकं! मला तर तिथेच राहावंसं वाटलं.

अशा वाचनालयांबद्दल वाचून आमच्या इमारतीतल्या मुलांनी जिन्याखाली एक मोठा खोका ठेवला. 'नको ते ठेवा, हवं ते न्या.' पहिल्या दिवशी काय आलं असेल? सात फुटके सीडी प्लेअर, एक पाय नसलेला घोडा आणि कुणाचा तरी दातांचा साचा! सगळ्यांनी खोक्याची कचरापेटीच केली. मग चौथीतल्या एका मुलीने पाटी बदलली. 'जे मित्राला वाढदिवसाला द्यायला लाज वाटणार नाही, तेच ठेवा.' दुसऱ्या दिवसापासून खोक्यात कॅरमचा स्ट्रायकर, लहान झालेले बूट, कंपासपेट्या! तीन पायांचा घोडा मात्र अजून तिथेच आहे. त्याला आता कुणी नेऊ देत नाही, तो खोक्याचा पहारेकरी झालाय.

आणि सगळ्यात शेवटी टोळीतला माझा सगळ्यात लाडका गडी. आमच्या घरातला स्टीलचा एक डबा.

तुझ्या घरी शेजारून वाटी आली की आई ती रिकामी परत करते का? नाही ना! रिकामं भांडं परत देऊ नये म्हणतात. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. आमच्या समोरच्या काकूंनी एकदा या डब्यातून चकल्या पाठवल्या. आईने त्यात लाडू घालून परत पाठवला. काकूंनी धिरडी. आईने आंब्याची डाळ. काकूंनी करंज्या. रिकामा द्यायचा नाही म्हणजे थांबायचं कसं? डबा वीस वर्षं जिन्यातून ये-जा करतोय!

मागच्या दिवाळीत दोघींचा वाद झाला. "डबा तुमचा, ठेवून घ्या." "छे हो, तुमचाच आहे, मला आठवतंय ना!" शेवटी मी डबा रिकामा केला, उपडा केला आणि खिडकीपाशी नेला. पूर्वी भांड्यांवर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घालून घ्यायचे, ते वाचायला. घासून घासून अक्षरं पुसट झाली होती. मी बोट फिरवत फिरवत एकेक अक्षर लावलं.

नाव आईचं नव्हतं. काकूंचंही नव्हतं! कुणा तिसऱ्याच बाईंचं होतं, आणि पुढे साल होतं १९७४.

दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या. मग काकू म्हणाल्या, "त्या सापडेपर्यंत राहू दे आपल्याकडे." आणि जाताना त्यात शंकरपाळे घालून घेऊन गेल्या.